गोठ कोणाशी?

या पुस्तकाच्या शेवटी जो शब्दसंग्रह जोडला आहे, तो कृपया आधी वाचा. प्रस्तावना लिहिणाऱ्याने असं सांगणं म्हणजे यजमानाच्या आधी पाहुण्याने जेवायला बसण्यासारखं आहे, पण लेखक माझ्याच गल्लीतले आहेत, रागावणार नाहीत.

त्या शब्दसंग्रहाला चार रकाने आहेत. पहिल्यात छत्तीसगढी शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात तो शब्द कुठे ऐकला ते ठिकाण. असे तीन रकाने कुठल्याही कोशात सापडतील. चौथ्या रकान्यात लेखकाने लिहिलं आहे : कोण कोणाला म्हणालं. 'बटकी', म्हणजे बासी भात खायचं खोलगट भांडं : भांडी घासणारी रऊताइन, आजीला. 'परछी', म्हणजे पडवी : आजी, रऊताइनला. 'टुकनी', म्हणजे टोपली : काकू, भाजीवालीला. 'बियारा', म्हणजे खळं : अधियावर, म्हणजे अर्धेलीने, शेत करणारा, मालकाला. पानं उलटत जा. धुणंभांडी, भाजी, शेत, रिक्षा, विहीर, गोठा. शेकडो शब्द झाले तरी 'विद्यार्थी, मास्तरांना' अशी नोंद येत नाही. 'शेतकरी, तहसीलदाराला' अशीही नाही. लेखकाने यावर एका शब्दाने भाष्य केलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी ऐकलं ते लिहिलं."

मला या पुस्तकाबद्दल जे सांगायचं आहे, ते या चौथ्या रकान्यातूनच सुचलेलं आहे. छत्तीसगढी मरत नाहीये. 2011च्या जनगणनेत ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारे 1 कोटी 62 लाख लोक आहेत. पण ती एका दिशेने वाहते. वरून खाली बोलली जाते, बरोबरीच्यांत बोलली जाते, खालून वर, खुर्चीपुढे जाताना मात्र उंबऱ्यावर चप्पल काढावी तशी लोक ती काढून ठेवतात आणि हिंदी चढवतात. भाषेचं पुनरुज्जीवन वगैरे मोठे शब्द आपण वापरतो, तेव्हा या उंबऱ्याकडे पाहायचं राहून जातं.

लेखकाची आणि माझी गल्ली ज्यात येते तो ब्राह्मणपारा म्हणजे काय, ते मराठी वाचकाला आधी सांगायला हवं. रायपूरच्या जुन्या भागात वस्तीला पारा म्हणतात, आपल्याकडच्या पाड्याचा चुलतभाऊ. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बैजनाथपारा, बूढापारा, कंकालीपारा असे हे एकमेकांत शिरलेले मोहल्ले. यांतल्या तात्यापाऱ्याच्या नावात मराठी माणूस सरळ दिसतो. भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर 1741मध्ये या बाजूला आले. पुढे 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला गादी मांडली. त्यांच्याबरोबर मोडी दप्तर आलं, कारकून आले, भिक्षुक आले, दसऱ्याला सोनं वाटायची रीत आली. 1818मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यूने कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. 1854मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. म्हणजे मराठी इथे आली ती वसुलीची भाषा म्हणून, वरून. सत्ता गेली तशी ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, आणि गणपतीत, मंगळागौरीत, हळदीकुंकवात टिकली. 2011ला अख्ख्या छत्तीसगढात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 1 लाख 44 हजार होते. राज्याची लोकसंख्या अडीच कोटींच्या वर. दप्तरातली भाषा ओट्यावर येऊन बसली की तिचं काय होतं, हे आम्हाला घरबसल्या कळलेलं आहे. तरी छत्तीसगढीच्या बाबतीत आम्ही शहाणे झालो नाही.

आमच्या घरात तीन भाषा होत्या आणि तिन्हींच्या जागा ठरलेल्या होत्या. आजी देवाशी आणि आमच्याशी मराठी बोले. डॉक्टर आले की हिंदी. मागच्या अंगणात भांडी घासायला येणाऱ्या रऊताइनशी छत्तीसगढी. आता गंमत बघा. आजीची हिंदी यथातथाच, डॉक्टरांपुढे ती दोन वाक्यांत संपायची. छत्तीसगढी मात्र अशी अस्खलित की तोंडाला पदर लावून दोघी तासभर कुजबुजत. सासूची गाऱ्हाणी, पोरांची दुखणी, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं त्या भाषेत. अशा गप्पांना तिकडे 'गोठ' म्हणतात आणि गप्पा मारण्याला 'गोठियाना'. आपली 'गोष्ट' आणि त्यांची 'गोठ' एकाच 'गोष्ठी'च्या लेकी. आजीचं मन ज्या भाषेत मोकळं होई, ती भाषा तिला येते असं मात्र ती कुणाला सांगत नसे. जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा तिने मराठी आणि हिंदी सांगितल्या. तिसरीचं नाव घेतलं नाही. रऊताइन तेव्हा तिथेच परछीत बसली होती.

दोघींचा एक वार्षिक संवाद मला पाठ आहे. भाद्रपदातली तृतीया आली की आमच्याकडे हरतालिका आणि तिच्याकडे तीजा. उपास एकच, दिवस एकच, महादेवही तोच. पण तीजाला छत्तीसगढात लग्न झालेली लेक माहेरी जाते; भाऊ किंवा बाप न्यायला येतो, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खातात, त्याला 'करू भात' म्हणतात, आणि मग निर्जळी उपास. रऊताइन आठवडाभर गायब, भांड्यांचा ढीग, आणि आजीची चिडचिड. परत आली की आजी म्हणायची, नवऱ्यासाठीचा उपास माहेरी जाऊन कसला करता? ती म्हणायची, नवऱ्याच्या घरी राहून उपास करायचा तर त्यालाच स्वयंपाक करून वाढावा लागतो की! आजीकडे याला उत्तर नव्हतं. अजून मला सापडलेलं नाही. लेखकाने सणांवर जे प्रकरण लिहिलं आहे त्यात पोळा आणि पोरा, हरतालिका आणि तीजा यांची तुलना केली आहे, ती चांगली आहे, पण हे उत्तर त्यात नाही म्हणून इथे नोंदवून ठेवते.

शब्दांची जवळीक किती आणि घोटाळा किती, याचाही एक घरगुती नमुना. छत्तीसगढीत आईला 'महतारी' म्हणतात. राज्याचं जे मातृरूप करतात तीही छत्तीसगढ महतारीच. माझी काकू लग्न होऊन पुण्याहून आली. वर्षभरात मुलगी झाली. तिकडे मुलीला 'नोनी' म्हणायची पद्धत. रऊताइनने अंगणातून हाक मारली, "ए नोनी के महतारी, का करत हस?" बावीस वर्षांच्या काकूने ऐकलं : नोनीची म्हातारी. ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. दोन्ही शब्द एकाच संस्कृत 'महत्तर'पासून आले आहेत, एका मुलखात त्याची आई झाली आणि दुसऱ्यात वृद्धा, हे तिला समजावून सांगणारं घरात कोणी नव्हतं. असे डझनावारी शब्द पुस्तकात आहेत. माणसं मोजताना आपण 'तीन जण' म्हणतो, ते 'तीन झन'. जोर द्यायचा तर आपला 'च' त्यांच्याकडेही आहे : 'मोरेच', म्हणजे माझंच. हा 'च' कुणी कुणाकडून घेतला यावर लेखकाने चार पानं खर्ची घातली आहेत. मी दोन केली असती.

आता सर्वात नाजूक गोष्ट. छत्तीसगढीत समोरच्याला 'तैं' म्हणतात. आदरार्थी 'आप मन' आहे, पण रोजच्या वापरात आईला तैं, बापाला तैं, देवाला तैं. हिंदीच्या कानाला हे उर्मट वाटतं, आणि रायपूरच्या सुशिक्षित घरांत ही भाषा 'गावंढळ' ठरली त्यात या एका सर्वनामाचा मोठा हात आहे. मराठी माणसाला तरी असं वाटायला नको होतं. आपण आईला 'अहो आई' म्हणत नाही आणि पंढरपूरच्या विठोबालाही 'आपण' म्हणत नाही. पण आम्ही हिंदीच्या कानांनीच ऐकलं. दुसरं, छत्तीसगढीत क्रियापदाला लिंग नाही. 'टुरा जाथे', मुलगा जातो. 'टुरी जाथे', मुलगी जाते. क्रियापद तेच. या भाषेत वाढलेलं मूल शाळेत गेलं की हिंदीच्या स्त्रीलिंग-पुल्लिंगात अडखळतं आणि वर्ग हसतो. मी ज्या शाळेत होते तिथे खेड्यातून आलेल्या एका मुलीने 'मेरा दाई आया' म्हटलं, आणि 'मेरा दाई' हेच तिचं नाव पडलं. आम्ही मराठी मुलीही हसलो. आमची स्वतःची हिंदीही काही फार सोवळी नव्हती. पण आमच्या चुकांना 'मराठी वळण' म्हणत आणि तिच्या चुकांना 'देहाती'. आठवीनंतर ती दिसली नाही.

मग मी बँकेत लागले. रायपूरपासून तासाभरावरच्या एका शाखेत काही वर्षं काउंटरवर बसले. धानाचे पैसे जमा व्हायच्या दिवसांत दारापर्यंत रांग असे. एके दिवशी रांगेत एक म्हातारे गृहस्थ मागच्या माणसाला नातीच्या छट्ठीची हकिगत सांगत होते. काय ते वर्णन! कोण रुसलं, कुणी किती भात खाल्ला, बाळ कोणावर गेलं. मी नोटा मोजता मोजता एक कान तिकडे ठेवला होता. त्यांचा नंबर आला. खिडकीशी पोचताच माणूस आकसला. खांदे आत, आवाज खाली. "मैडम, हमारा पैसा आई है क्या?" शेजारच्या टेबलावरचा तरुण कारकून फिसकन हसला. मला वाटलं, यांना जरा मोकळं करावं. मी आजीच्या अंगणातल्या छत्तीसगढीत म्हणाले, "तोर पइसा आ गे हे, कका."

ते ताठ झाले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हमको हिंदी आता है, मैडम."

मी चांगुलपणा करायला गेले होते आणि त्यांच्या कानी अपमान पडला. त्यांचं चुकलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी खुर्चीवरच्या माणसांकडून छत्तीसगढी ऐकली होती ती कशासाठी? दटावायला, हाकलायला, किंवा मतं मागायला. निवडणुकीत सगळेच पक्ष छत्तीसगढी बोलतात, निकालानंतर फाईल हिंदीत पुढे सरकते. 'कका' म्हटल्याने त्या 'तोर'मधली खुर्ची काही लपली नाही. बरं, त्याच दुपारी वरिष्ठ कार्यालयातून साहेब तपासणीला आले. ते मूळचे बिलासपूरकडचे, त्यांना छत्तीसगढी येत होती हे मला पक्कं ठाऊक. मी त्यांच्याशी काय बोलले? शुद्ध हिंदी. कका तेव्हा बाकावर पासबुक भरून मिळायची वाट बघत बसले होते. त्यांच्यादेखत मी साहेबांशी दोन वाक्यं छत्तीसगढीत बोलले असते, तर कदाचित पुढच्या खेपेला तेही माझ्याशी ती बोलले असते. हे सुचायला मला सेवानिवृत्तीपर्यंत थांबावं लागलं.

लेखकाने इतिहासाचं प्रकरण मन लावून लिहिलं आहे आणि त्यातल्या दोन नावांपाशी मराठी वाचकाने थांबावं अशी माझी इच्छा आहे. पहिलं, हीरालाल काव्योपाध्याय. धमतरीच्या शाळेत शिकवणाऱ्या या माणसाने 1885मध्ये छत्तीसगढीचं व्याकरण लिहिलं. भाषाभ्यासक ग्रियर्सनने ते इंग्रजीत करून 1890मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. हिंदीचं जे व्याकरण प्रमाण मानलं जातं ते कामताप्रसाद गुरूंचं, त्याला 1920 उजाडलं. म्हणजे जिला व्याकरण नाही म्हणून बोली म्हणतात, तिचं व्याकरण त्याच्या पस्तीस वर्षं आधी तयार होतं.

दुसरं नाव आमचं, माधवराव सप्रे. मराठी घरातला माणूस, रायपुरात शिकला, 1926मध्ये रायपुरातच गेला. जानेवारी 1900मध्ये पेंड्राहून त्यांनी मासिक काढलं, रामराव चिंचोळकर संपादनात जोडीला आणि प्रकाशक वामनराव लाखे. आमच्या जवळच्या लाखेनगरला त्यांचंच नाव आहे. तिघेही मराठी. मासिकाचं नाव 'छत्तीसगढ मित्र'. भाषा हिंदी. सप्र्यांनी पुढे 'दासबोध' हिंदीत नेला, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. हिंदी गद्य घडवणाऱ्यांत त्यांचं नाव आदराने घेतात आणि ते योग्यच आहे. पण नाव छत्तीसगढचं आणि भाषा हिंदी, ही जोडी मला जाचते. त्या पिढीपुढे राष्ट्र होतं, आणि राष्ट्राची भाषा म्हणून त्यांनी हिंदी निवडली. आपली मराठीही त्यांनी बाजूला ठेवली. 1908 साली याच भागात आनंद समाज वाचनालय उभं राहिलं, तेही त्याच हवेत. त्यांना दोष द्यायला मी धजत नाही. एवढंच म्हणते की या मोहल्ल्यांतल्या शिकल्यासवरलेल्यांची बुद्धी आणि शाई हिंदीकडे गेली. अंगणातली भाषा अंगणातच राहिली. राजिमच्या पंडित सुंदरलाल शर्मांसारखा एखादा ब्राह्मण पंडित छत्तीसगढीत 'दानलीला' रचतो, कृष्णाला त्या भाषेत बोलायला लावतो, तो अपवाद.

2 ऑक्टोबर 1963ला आकाशवाणीचं रायपूर केंद्र सुरू झालं. 'चौपाल' कार्यक्रमात बरसाती भइया छत्तीसगढीत बोलायचे आणि अंगणात आजी नि रऊताइन दोघी ऐकायच्या. पण तो कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी. बातम्या हिंदीत. रेडिओनेही भाषेला तिची जागा नेमून दिली होती : खत, बियाणं, पाऊस. 1965मध्ये मनू नायक यांचा 'कहि देबे संदेस' आला, पहिला छत्तीसगढी चित्रपट. ब्राह्मण मुलगी आणि दलित सतनामी समाजातला मुलगा यांचं प्रेम. त्यावरून गदारोळ झाला. ब्राह्मणपाऱ्यात त्याची चर्चा दारं लावून होई. आजीचं मत विचारलं तर म्हणायची, "गाणी छान आहेत," आणि जपमाळ ओढायची. त्यातली काही गाणी महंमद रफींनी छत्तीसगढीत म्हटली होती, तेव्हा तिचं मत अगदीच खोटं नव्हतं.

या सगळ्यांत दिशा उलटी फिरवून दाखवली ती आमच्या शेजारच्या बैजनाथपाऱ्यातल्या मुलाने. नाटककार हबीब तन्वीर 1923मध्ये रायपुरात जन्मले. 1958मध्ये दिल्लीत त्यांनी 'मिट्टी की गाडी' केलं तेव्हा छत्तीसगढचे सहा लोककलावंत सोबत नेले होते. 'नाचा' या लोकनाट्याच्या मंडपात रात्रभर गाव हसवणारी ही माणसं दिल्लीच्या रंगमंचावर लाकडासारखी उभी राहत. तन्वीरांना कारण कळायला वर्षं लागली, आणि ते त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केलं : आपण त्यांना हिंदी बोलायला लावत होतो आणि कुठे उभं राहायचं ते आखून देत होतो. 1973ला रायपुरात झालेल्या कार्यशाळेतून 'गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद' उभं राहिलं, कलावंत आपल्या भाषेत बोलले आणि हातपाय सुटले. 1975मध्ये 'चरणदास चोर' आलं. 1982मध्ये त्याला एडिंबरोच्या महोत्सवात फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर, भुलवाराम ही माणसं छत्तीसगढी बोलत होती आणि ऐकणारे होते दिल्लीचे, युरोपचे. खालून वर, भाषांतर न करता. माझ्या बँकेतल्या ककांच्या आकसलेल्या खांद्यांवरचा इलाज त्या कार्यशाळेत सापडला होता. तो रंगमंचाबाहेर कुणी आणला नाही.

1 नोव्हेंबर 2000ला राज्य झालं. 28 नोव्हेंबर 2007ला विधानसभेने छत्तीसगढीला हिंदीच्या जोडीने राजभाषा केलं, पुढच्या वर्षी राजभाषा आयोग आला. दर 28 नोव्हेंबरला राजभाषा दिवस होतो. फेटे, सत्कार, कवी. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीसाठी मागणी चालू आहे. लेखकाने या मागणीची बाजू हिरिरीने मांडली आहे आणि त्यांचा आकडा बिनतोड आहे. 2011च्या जनगणनेत कोकणी सांगणारे साडेबावीस लाख, डोगरी सांगणारे सव्वीस लाखांच्या आसपास, दोन्ही अनुसूचीत. छत्तीसगढीचे 1 कोटी 62 लाख जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजतात. कोकणीचा दाखला मराठी वाचकाला टोचावा असाच आहे. ती मराठीची बोली आहे असं किती विद्वानांनी किती वर्षं सांगितलं! 1987मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, 1992मध्ये अनुसूचीत गेली, मराठीचं काही बिघडलं नाही. तेव्हा आपण जे बोललो तेच आज हिंदीवाले छत्तीसगढीबद्दल बोलतात, आणि आपण मान डोलावतो.

तरी माझं लेखकांशी इथे जमत नाही. अनुसूची मिळावी, जरूर मिळावी. पण राजभाषा होऊन इतकी वर्षं लोटली, आणि चौथा रकाना होता तसाच आहे. विद्यापीठात छत्तीसगढीत एम.ए. करता येतं, ती पदवी घेतलेला मुलगा मुलाखतीला गेला की हिंदीत बोलतो. कायद्याने भाषेला खुर्ची दिली, खुर्चीवरच्या माणसाने तिच्यात उत्तर दिलं नाही.

आणि उतरंड इथेच संपत नाही. बस्तरात उतरलात की छत्तीसगढीच वरची होते आणि तिच्याखाली हलबी, भतरी, गोंडी. हलबीला ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या 1905च्या मराठी खंडात घातलं होतं. तेव्हा ती नात्यात येते म्हणायला हरकत नाही, पण 2011च्या जनगणनेत ती सांगणाऱ्या सात लाख 66 हजार लोकांची दखल मराठीने कधी घेतली? कोंडागावच्या हरिहर वैष्णवांनी जगार गाणाऱ्या गुरुमायांच्या तोंडून ही हलबी कथागीतं उतरवून घेतली. हंडीवर सूप, सुपावर धनुष्य ठेवून वाजवायच्या धनकुलाच्या तालावर या बायका रात्रीमागून रात्री लक्ष्मीची, म्हणजे धानाची कथा गातात. वैष्णवांचं हे काम मराठीत यायला हवं होतं. पुस्तकात त्यावर जेमतेम दीड पान आहे, ही या पुस्तकातली मला जाणवलेली मोठी उणीव.

महाराष्ट्राच्या हद्दीत पाहायचं तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मोहगाव पाहा. 2019मध्ये तिथल्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गोंडीत नाच बसवून मोकळे झाले नाहीत. मुलं गणित गोंडीत करू लागली. 2022मध्ये शिक्षण खात्याची नोटीस आली : शाळा अनधिकृत, दंड भरा. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं. 26 जानेवारीला मंचावर गोंडी नृत्य झालं तर टाळ्या पडतात, पण पाढे म्हटले तर नोटीस निघते. तिथे हिंदीच्या जागी मराठी बसलेली आहे, हे वाचताना खुर्चीत जरा सरकून बसावं लागतं.

भाषा मुलांपर्यंत नेण्याचा परक्या मुलखातला दाखलाही पुस्तकात आहे. न्यूझीलंडच्या माओरींनी 1982मध्ये आज्या आणि रांगती मुलं एकत्र बसवून बालवाड्या काढल्या, त्याची हकिगत सातव्या प्रकरणात आहे. ती तिथेच वाचा.

लेखक भाषाशास्त्रज्ञ नाहीत. व्युत्पत्तीत काही ठिकाणी त्यांची उडी लांब पडली आहे, आणि ढेंकी, कोठी, बटकी गेल्याचा शोक थोडा जास्त झाला आहे. ढेंकी गेली कारण गिरणी आली, आणि कांडून कांडून पाय सुजलेल्या बायकांनी तिच्यासाठी डोळे टिपल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्यांनी तीस वर्षं वही जवळ ठेवली आणि कोण कोणाला म्हणालं ते लिहिलं. असा कोश माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पुस्तक वाचून छत्तीसगढी बोलायचा मोह होईल. तात्यापाऱ्यातल्या, ब्राह्मणपाऱ्यातल्या, लाखेनगरातल्या मराठी घरांना तर व्हायलाच हवा. आजीकडून ती आपल्याला फुकट मिळालेली आहे. एकच विनंती. सुरुवात भाजीवालीपासून किंवा कामवालीपासून करू नका, तिथे ती आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आहोत. आपल्या साहेबांशी बोला. मुलाच्या मुख्याध्यापकांशी बोला, डॉक्टरांशी बोला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोला. समोरचा हिंदीत उत्तर देईल, देऊ द्या.

शब्दसंग्रहानंतर लेखकाने चार पानं कोरी सोडली आहेत. त्यांवर तेच चार रकाने आखले आहेत.